लँगर्स आणि इतर ज्यू डेली: पास्ट्रामी, मात्झो बॉल सूप आणि निवांत जेवण

दूरदेशी

लॉस एंजेलिसमध्ये कुणी नवीन मराठी कुटुंब आलं की ‘बाहेर जेवायला कुठे जायचं’ हा विषय निघतोच. टाको, कोरियन बार्बेक्यू, थाई टाउन ही नावं पटापट येतात. ज्यू पद्धतीच्या डेलीचं (मांसाची सँडविचेस आणि सूप मिळणाऱ्या खानावळीचं) नाव क्वचितच कुणी घेतं, आणि घेतलंच तर ‘ते बीफवाल्यांचं, आपल्याला काय कामाचं’ म्हणून तिथेच थांबतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या देशात बसून पोटाला आणि मनाला बरं वाटेल असं जेवण जिथे मिळतं त्यात मी डेलीचा नंबर फार वर लावते. म्हणून हा धागा.

मी मुख्यतः लँगर्सबद्दल लिहिणार आहे. सातवा रस्ता आणि अल्व्हाराडो यांच्या कोपऱ्यावर, मॅकआर्थर पार्कच्या शेजारी. १९४७ साली अल आणि जीन लँगर या नवराबायकोने मोजक्या टेबलांवर हे सुरू केलं, आता त्यांचा मुलगा नॉर्म बघतो. आत तपकिरी रेक्झिनची बाकं, लांबलचक काउंटर, आणि वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या वाढणाऱ्या बायका. त्यांच्याशी दोन शब्द बोला, कपातली कॉफी संपू देत नाहीत. आजूबाजूची वस्ती आता मुख्यतः मध्य अमेरिकेतून आलेल्या लोकांची आहे. आत मांस कापणारे, वाढणारे यांतही स्पॅनिश बोलणारे पुष्कळ. जेवण पूर्व युरोपातल्या ज्यूंचं, आणि ते इतकी वर्षं हातांनी टिकवून ठेवलंय ते या सगळ्यांनी. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता पास्ट्रामी. बीफचा पोटाकडचा, चरबीचे थर असलेला भाग घेतात, त्याला इथे नेव्हल म्हणतात. रोमेनियातून आलेल्या ज्यूंनी ही पद्धत न्यूयॉर्कला आणली. तिथे हा भाग स्वस्त मिळायचा, म्हणून त्याचीच पास्ट्रामी रूढ झाली. मांस मीठ, साखर, लसूण आणि मसाल्यांच्या पाण्यात बरेच दिवस मुरतं. मग बाहेर काढून त्याला भरडलेले धणे आणि मिरी चोळतात, भरपूर, अगदी काळी खपली दिसेपर्यंत. मग धूर. आणि शेवटी वाफ. ही वाफेची पायरी घाईघाईने उरकली तर मांस रबरासारखं राहतं, आणि बहुतेक ठिकाणी ती घाईघाईनेच उरकतात. लँगर्समध्ये काही तास वाफवतात. त्यामुळे मांस इतकं मऊ होतं की यंत्रावर त्याचा चुरा होईल, म्हणून सुरीनेच कापावं लागतं. काउंटरजवळ बसलात तर बघा: कापणारा वाफेतून मोठा तुकडा काढतो, काट्याने दाबून धरतो, आधी बाहेरची जादा चरबी एका फटक्यात उडवतो, मग तुकडा फिरवून धाग्याच्या आडव्या दिशेने जाडसर काप काढतो. मध्येच पुन्हा फिरवतो, कारण एकाच तुकड्यात धाग्याची दिशा बदलते. ते हाताला कळावं लागतं.

ब्रेडसुद्धा तितकाच महत्त्वाचा. राय नावाच्या धान्याचा ब्रेड, कॅरवेचे दाणे घातलेला. बेकरीतून आलेली अख्खी लादी तिथे पुन्हा भट्टीत घालतात आणि गरम असतानाच कापतात. बाहेरचा पापुद्रा कडक, आत लुसलुशीत. मांसाची वाफ आणि रस त्या ब्रेडने पेलायचा असतो, साधा पांढरा ब्रेड दोन मिनिटांत लगदा होईल.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं सँडविच म्हणजे १९ नंबर: पास्ट्रामी, स्विस चीज, कोलस्लॉ (कोबीचं सॅलड) आणि रशियन ड्रेसिंग. चांगलंच आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने नुसती पास्ट्रामी, राय आणि मोहरीचं मस्टर्ड एवढंच घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. सोबत एक वाटी मात्झो बॉल सूप. चिकनचं पातळ, स्वच्छ पिवळं सूप आणि त्यात मात्झोच्या (बिनयीस्टच्या कडक ब्रेडच्या) चुऱ्याचा एक मोठा मऊ गोळा. आजारी माणसाला, दमलेल्या माणसाला, घरची आठवण येणाऱ्या माणसाला हे सूप द्यावं. दोघांत एक सँडविच, दोन सूप, एक लोणच्याची काकडी. एवढ्यात छान जेवण होतं.

तुमच्या गावात कुठला डेली आहे? काय मागवता? लिहा.

खमंग

मस्त धागा, ताई. मी न्यू जर्सीतल्या एडिसनचा. आमच्याकडे पाहुणे आले की न्यूयॉर्कला कॅट्झमध्ये नेण्याचा रिवाजच झालाय, म्हणून त्याबद्दल थोडं सांगतो. ह्यूस्टन स्ट्रीटवर, १८८८ पासून. दारातच प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. तुम्ही जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना त्यावरून पैसे भरायचे. काहीच घेतलं नाही तरी कोरं तिकीट परत द्यावंच लागतं, हरवलं तर दंड. मुलांच्या हातात तिकीट देऊ नका, एवढं लक्षात ठेवा.

दोन पर्याय असतात: टेबलवर वाढतात ते, किंवा स्वतः कापणाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. रांगेतच जा. कापणारा आधी बशीत एक काप चाखायला देतो. त्याच्यासाठी काचेवर टिप ठेवायची पद्धत आहे, ती पाळावी. त्याला ‘जरा चरबी असलेलं’ किंवा ‘कोरडं’ असं सांगता येतं. माझा सल्ला: चरबी असलेलं मागा. सगळी चव तिथेच आहे.

पण कॅट्झ हा आता शहराचा मानबिंदू झालाय, शेजारचा डेली राहिलेला नाही. निवांत जेवायचं असेल तर ३३व्या रस्त्यावरचा सेकंड ॲव्हेन्यू डेली. नाव तेच, जागा नवी. १९५४ साली एब लेबेवोल यांनी ईस्ट व्हिलेजमध्ये सुरू केला, मूळ दुकान २००६ च्या सुरुवातीला बंद झालं आणि २००७ च्या अखेरीस नव्या जागी परत उघडलं. तिथे बसलं की टेबलवर आधी काकड्या आणि कोलस्लॉ येतं. आणि ग्रिबेनेस मिळालं तर सोडू नका: कोंबडीचं कातडं कांद्याबरोबर तिच्याच चरबीत कुरकुरीत होईपर्यंत तळलेलं.

तांबडी_माती

मी पुण्याहून लिहितेय. मुलगा न्यू जर्सीला आहे, उन्हाळ्यात जाणार आहोत. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. हा धागा वाचून सुनेला फोन केला तर ती म्हणाली, ‘आई, तिथे तुमच्यासाठी काही नसतं.’ खरंच काही नसतं का? सगळ्यांबरोबर बसून काहीतरी खाता आलं तर बरं वाटेल.

खमंग

काकू, असतं, पण विचारून घ्यावं लागतं आणि अंडं नको म्हटलं की यादी लहान होते. सविस्तर सांगतो.

कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या धार्मिक नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून काटेकोर कोशर मांसाच्या डेलीत दुधाचा थेंबही नसतो, कॉफीतसुद्धा दुधाऐवजी दुसरंच काही घालतात. तिथे ‘पारेव्ह’ शब्द दिसला की त्यात मांस नाही आणि दूधही नाही. मात्र पारेव्हमध्ये अंडं आणि मासा चालतो, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. उलट कॅट्झ, लँगर्स यांसारखे डेली पद्धतीने ज्यू आहेत पण कोशर नाहीत, तिथे मांसावर चीज येतं. काही ठिकाणी तर नाश्त्याला डुकराचं मांसही असतं.

तुम्हाला सावध राहायचं ते कोंबडीच्या चरबीपासून, तिला श्माल्ट्झ म्हणतात. काशा वार्निश्केस (कुट्टूचे भरड दाणे आणि फुलपाखराच्या आकाराचा पास्ता) वाचायला शाकाहारी वाटतं, पण त्यात ती असू शकते. मश्रूम-बार्ली सूप बऱ्याचदा बीफच्या पाण्यात करतात. लाटके म्हणजे बटाट्याचे तळलेले पॅनकेक, त्यात अंडं असतंच. बटाट्याचा निश (बटाट्याचं सारण भरून भाजलेला) पुष्कळदा चालेल, पण वरून अंडं फासलंय का ते विचारा. राय ब्रेड, काकड्या, कोबीचं सॅलड (मेयोनेझ नसलेलं मागा) हे चालतं.

तुमच्यासाठी खरं उत्तर मात्र डेली नव्हेच. ईस्ट व्हिलेजमध्ये सेकंड ॲव्हेन्यूवर बी अँड एच डेअरी नावाची चिंचोळी जागा आहे, १९३८ पासून. दुग्धालय-खानावळ म्हणता येईल: मांस अजिबात नाही, दूध, भाज्या, मासे एवढंच. काउंटरवर बसायचं, समोरच सूप उकळत असतं, त्यात मांसाचं पाणी नसतं. चालवणारे इजिप्तहून आलेले मुस्लिम गृहस्थ आणि त्यांच्या पोलिश पत्नी, आणि जेवण ज्यू. त्यांचा हल्ला (challah) नावाचा ज्यू ब्रेड मात्र अंड्याचा असतो, तो टाळा आणि सूपबरोबर दुसरा ब्रेड मागा. तिथे काकाही निश्चिंत जेवतील.

तांबडी_माती

किती नीट सांगितलंत! मुलाला हे सगळं पाठवलं आहे. बी अँड एच नक्की.

अबोली_गजरा

मी शिकागोत. बीफ खात नाही, चिकन-मासे खाते. ‘डेली म्हणजे बीफ’ हे समीकरण मनातून काढून टाका असं मीही सांगेन. आमच्याकडे साउथ जेफरसन स्ट्रीटवर मॅनीज आहे, १९४२ पासूनचा. ट्रे घेऊन सरकत जायचं, हवं ते वाढून घ्यायचं. मी घेते ते टर्की पास्ट्रामीचं सँडविच. तेच मसाले, तोच धूर, मांस टर्कीचं. सोबत मात्झो बॉल सूप आणि बटाट्याचा पॅनकेक, बाहेरून खरपूस आणि आतून ओलसर. वरून ॲपल सॉस. दुपारी गेलात तर शेजारच्या टेबलावर पोलीस, बांधकामावरचे लोक, वकील, राजकारणी सगळे एकाच वेळी जेवताना दिसतात.

ज्यांना मासे चालतात त्यांनी बेगल, क्रीम चीज आणि लॉक्स (खारवलेल्या सामन माशाचे काप) घ्यावं. मात्र न्यूयॉर्कमध्ये ते डेलीत न घेता ‘ॲपेटायझिंग’ दुकानात घ्या. तिथे जुनी विभागणी अजून पाळतात: मांस डेलीत, मासे आणि दूध ॲपेटायझिंगमध्ये. रस अँड डॉटर्स १९१४ पासून आहे, कॅट्झपासून चालत काही मिनिटांवर. सामन किती पातळ कापतात ते बघण्यासाठीच जावं. कापाखाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता येतील इतका पातळ.

बंदरावरचा

सगळं वाचलं, आवडलं. पण एका सँडविचला वीस डॉलरच्या वर, वर टिप, हे मला पटत नाही. चौघांचं कुटुंब गेलं तर शंभर डॉलर सहज. कामगारांचं स्वस्त जेवण म्हणून ज्याची सुरुवात झाली ते कामगाराला परवडत नसेल तर त्याला शेजारचा डेली कसं म्हणायचं?

दूरदेशी

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहिते.

मुरवणं, धूर, वाफ आणि शेवटी चरबी छाटणं यांत कच्च्या मांसाचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे तुमच्या ताटात पाव किलो मांस असेल तर दुकानदाराने अर्धा किलोच्या आसपास विकत घेतलेलं असतं. त्यावर आठवड्यांचं काम, सुरीवर बसलेल्या कुशल माणसाचा पगार, शहरातल्या मोक्याच्या जागेचं भाडं. ज्या भागाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं त्या नेव्हलला आणि ब्रिस्केटला (छातीकडच्या भागाला) आता बार्बेक्यूवालेही मागणी करतात. या धंद्यात फायदा फार थोडा सुटतो, आणि म्हणूनच डेली एकामागून एक बंद झाले. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क शहरात सुमारे दीड हजार कोशर डेली होते. आज मोजायला बसलात तर फार वेळ लागणार नाही. स्टेज डेली २०१२ मध्ये गेला, कार्नेगी २०१६ च्या अखेरीस. त्यामागे भाडं आणि मांसाचे भाव आहेतच, पण लोक उपनगरांत गेले आणि पुढच्या पिढीला पहाटेपासून उभं राहायचं नव्हतं, हेही आहे.

लँगर्सचीही वेळ आली होती. १९८०-९० च्या सुमाराला मॅकआर्थर पार्कचा परिसर इतका बिघडला की लोक यायला घाबरत. १९९३ मध्ये समोर मेट्रोचं स्टेशन झालं आणि डाउनटाउनच्या कचेऱ्यांतले लोक दुपारी गाडीने जेवायला येऊ लागले, त्यावर दुकान तगलं. २०२४ मध्ये नॉर्म लँगर यांनी परिसराच्या स्थितीमुळे दुकान बंद करायचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला, तेव्हा शहराच्या महापौर कॅरन बास त्यांना भेटायला आल्या. एका सँडविचच्या दुकानासाठी महापौर येते यावरून ते शहराला किती हवं आहे ते कळतं.

म्हणून माझं म्हणणं: रोज जाऊ नका, पण जाल तेव्हा ती किंमत मनापासून द्या. आणि चौघांनी चार सँडविचेस मागवू नका. डेलीत अर्धं सँडविच आणि सूप हा जुना, मानाचा पर्याय आहे. वाटून खाण्यात कुणी कमीपणा मानत नाही. डोंगराएवढं सँडविच म्हणजेच डेली, हा समज फोटोंमुळे झालाय, शेजारपाजारचे नेहमीचे लोक असं खात नाहीत. त्यांना बघा, सूप आणि अर्धं सँडविच घेऊन पेपर वाचत बसलेले असतात.

बंदरावरचा

निम्मं वजन जातं हे माहीत नव्हतं. अर्ध्या सँडविचचा हिशोब पटला. जाऊन येतो.

थंडी_चौदा_महिने

मॉन्ट्रियलहून. आमच्याकडे पास्ट्रामी नाही, स्मोक्ड मीट म्हणतात, आणि इथले लोक दोन्ही एकच आहे असं ऐकून घेत नाहीत. ब्रिस्केटचा तुकडा, मसाला कोरडाच चोळून मुरवलेला, साखर कमी, मिरी जास्त. सेंट लॉरेंट बुलवारवरचा श्वार्ट्झ १९२८ पासून, रोमेनियाहून आलेल्या रूबेन श्वार्ट्झनी सुरू केलेला. तिथे मागवताना चरबी किती ते सांगायचं: लीन, मीडियम, फॅट. मीडियम म्हणा. टेबलं इतकी जवळ की अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. बाहेर उणे वीस असताना त्या वाफेने धुरकटलेल्या काचेच्या आत जायचं सुख काही वेगळंच. सोबत काळ्या चेरीचा सोडा.

रेवदंडा

मी मूळचा ठाण्याचा, बेने इस्रायल. आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये, लोदला. घरात आजही मराठी बोलतो. या धाग्यावर मला थोडं लिहावंसं वाटलं.

तुम्ही ज्याला ‘ज्यू जेवण’ म्हणताय ते सगळं पोलंड, रोमेनिया, युक्रेन, लिथुआनिया इथल्या अश्केनाझी ज्यूंचं आहे. थंड मुलुख, बटाटा, कोबी, राय, कोंबडीची चरबी. आमच्या आजीने पास्ट्रामी पाहिली नव्हती, मात्झो बॉलही नाही. आमचं जेवण कोकणाचं. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम आम्हीही पाळला, पण आम्हाला तो जड गेला नाही, कारण आमच्याकडे नारळ होता. मटणाच्या, कोंबडीच्या रश्शात नारळाचं दूध, सणाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच. जेवणानंतर लगेच गोड खायला काहीच अडत नाही. नव्याचा सण, बिरड्याचा सण अशी आमची सणांची नावं. कोकणात पुष्कळ बेने इस्रायल कुटुंबं बीफ खातच नसत, शेजाऱ्यांचा मान म्हणून. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत, हे अलिबागच्या बाजूच्या लोकांना माहीत असेल.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वरून फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने, लग्नाआधी, मूल झालं की, नवस फेडताना. जगात दुसऱ्या कुठल्याही ज्यूंकडे हे नाही. अमेरिकेतल्या डेलीत तुम्हाला जे मिळतं तेही असंच स्थलांतरितांचं: जुन्या गावाची पद्धत, नव्या गावात मिळणारं सामान. इस्रायलमध्येही तसे डेली सापडणार नाहीत. इथे पास्ट्रामी म्हणजे बहुतेक टर्कीचे पातळ काप, पावात घालायला. डेली हा अमेरिकन ज्यूंचा, त्यांनी तिथे घडवलेला.

मी एकदा न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे गेलो होतो तेव्हा सेकंड ॲव्हेन्यू डेलीत जेवलो. सूप फार आवडलं. पास्ट्रामीवरचे धणे-मिरी जिभेला लगेच ओळखीचे वाटले.

दूरदेशी

रेवदंडा, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावावा असा आहे. मी ‘ज्यू जेवण’ सरसकट म्हणत होते, यापुढे ‘अश्केनाझी’ म्हणेन. मलिद्यात गूळ चालतो की साखरच?

रेवदंडा

दोन्ही चालतं, घराघरावर आहे. आमच्याकडे साखर. पोहे जाड घ्या आणि फार भिजवू नका, मोकळे राहिले पाहिजेत. फळं पाच प्रकारची ठेवतात.

सुगरण_मावशी

सुपाबद्दल इतकं वाचून झालं, कृती कुणीच लिहिली नाही! माझ्या शेजारीण बाईंनी, त्या ब्रुकलिनच्या, शिकवली ती देते.

एक कप मात्झो मील (मात्झो म्हणजे बिनयीस्टचा कडक सपाट ब्रेड, त्याचा चुरा, अमेरिकन किराणा दुकानात डब्यात मिळतो). चार अंडी, पाव कप कोंबडीची चरबी किंवा तेल, पाव कप चिकनचं पाणी किंवा साधं सोडा वॉटर (खायचा सोडा नव्हे), मीठ, मिरपूड. आधी अंडी, चरबी, सोडा फेटून मग चुरा मिसळा. पातळ वाटेल, घाबरू नका. फ्रिजमध्ये किमान अर्धा तास, जमलं तर दोन तास ठेवा, चुरा पाणी पितो आणि घट्ट होतो. ओल्या हाताने लिंबापेक्षा लहान गोळे करा, शिजून दुप्पट होतात. वळताना दाबू नका. मोठ्या पातेल्यात मिठाच्या उकळत्या पाण्यात गोळे टाका, आच कमी करा, झाकण लावा आणि तीस-चाळीस मिनिटं झाकण काढू नका. वाफ गेली की मध्ये कच्चट गाठ राहते. सुपातच शिजवले तर सूप गढूळ होतं, म्हणून वेगळ्या पाण्यात शिजवून मग सुपात घालायचे.

सूप: कोंबडी हाडांसकट, गाजर, सेलेरी, कांदा सालासकट (रंग येतो), थोडी शेपू शेवटी. इथली शेपू, भारतातल्यापेक्षा सौम्य. दोन-तीन तास अगदी मंद, खळखळ उकळू द्यायचं नाही.

हलके तरंगणारे गोळे चांगले की घट्ट बुडणारे, यावर त्यांच्या घराघरांत दोन तट असतात. सोडा घातला तर हलके, नुसतं चिकनचं पाणी घातलं तर घट्ट. मला हलके आवडतात.

अबोली_गजरा

मावशी, वाचनखूण साठवली. या रविवारी करते. तेल घालून केले तर चवीत किती फरक पडतो?

सुगरण_मावशी

बराच पडतो. कोंबडीची चरबी विकत नको असेल तर घरी काढ: कातडं आणि चरबीचे तुकडे थोडं पाणी घालून मंद आचेवर, पाणी आटलं की कांदा, सोनेरी झालं की गाळ. गाळणीत राहतं तेच ग्रिबेनेस, वर खमंग यांनी लिहिलंय ते.

खमंग

लोणच्याच्या काकडीबद्दल एक राहिलं. डेलीतली खरी काकडी व्हिनेगरची नसते. नुसतं मिठाचं पाणी, लसूण, शेपूचे तुरे, मिरी, धणे, आणि ती आपोआप आंबते. थोडे दिवस ठेवली तर अर्धी आंबट, हिरवीगार आणि कुरकुरीत. जास्त ठेवली तर पूर्ण आंबट आणि रंग मातकट. कोकणात कैऱ्या, आवळे खाराच्या पाण्यात घालून ठेवतात, तोच प्रकार. आमच्या आईला पहिल्यांदा दिली तेव्हा तिने एकटीने अख्खी संपवली. पास्ट्रामीच्या चरबीनंतर तोंड स्वच्छ होतं, म्हणून ती बाजूला असते. अर्धी आंबट आधी घ्या.

पिण्याच्या बाबतीत, डॉ. ब्राउनचा सेल-रे सोडा एकदा घेऊन बघा, सेलेरीच्या स्वादाचा. सगळ्यांना आवडेलच असं नाही, मला पास्ट्रामीबरोबर दुसरं काही नको असतं.

बंदरावरचा

येत्या आठवड्यात लँगर्सला जायचं ठरवलंय. रविवारी चालेल ना? आणि गाडी कुठे लावायची? बायको बीफ खात नाही.

दूरदेशी

रविवारी बंद असतं! सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दुपारी चार, रात्रीचं जेवण नाहीच. शनिवारी जाणार असाल तर अकराच्या आत पोचा, त्यानंतर दारात रांग लागते. गाडी जवळच्या त्यांच्या पार्किंगमध्ये लावा, पावतीवर दुकानातून शिक्का मारून घ्या. रस्त्यावर लावू नका. त्यापेक्षा मेट्रोची बी किंवा डी लाइन घ्या, वेस्टलेक-मॅकआर्थर पार्क स्टेशनवर उतरलात की दुकान समोरच.

वहिनींसाठी मात्झो बॉल सूप आणि टर्कीचं सँडविच, त्याच गरम रायवर. किंवा चीज ब्लिंट्झ (चीज भरलेली पातळ घावनं), आंबट साय आणि बेरीच्या मुरंब्यासह. तुम्ही नुसती पास्ट्रामी घ्या आणि ‘हॅन्ड कट’ वेगळं म्हणायची गरज नाही, तिथे तशीच येते. घरी न्यायची असेल तर मांस न कापलेलं मागा, ब्रेड वेगळा बांधून घ्या, आणि घरी वाफवूनच गरम करा. मायक्रोवेव्ह अजिबात नको.